निरपेक्ष प्रेमाने

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझ्या मागच्या पत्रातल्या अकरा चुका काढून पाठवल्यास, आभारी आहे. बारावी तुझ्या नजरेतून निसटली. ती कुठली, ते मी सांगणार नाही. राहू दे तुला झोप न लागायला काहीतरी.

आता कामाचं. आईने राहतं घर माझ्या नावे बक्षीस करून द्यायचं पक्कं केलंय. तुझी हरकत नाही हे तू मागेच म्हणालास. मी इथेच असतो, तिचं दुखलंखुपलं बघतो, उद्या कागदपत्रांसाठी धावाधाव नको, एवढाच हेतू. मसुदा तिने स्वतःच्या हाताने लिहिलाय. वकिली भाषा तिला नको. माझं घर आहे, शब्दही माझेच असतील, असं म्हणाली. पण तिची भाषा तुला ठाऊक आहे. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर लिहून घ्यावी तसा कागद झालाय. नोंदणी कार्यालयातल्या लोकांनी हसू नये एवढं कर. तिचा कागद सोबत आहे, त्यावर तुझी लाल शाई फिरव. मजकुराचं मी बघतो, तू फक्त भाषेचं बघ.

बाकी माझी व्याख्यानं जोरात आहेत. परवा जेष्ठ नागरिकांपुढे दोन तास बोललो. उत्तरायुष्याची आखणी, शुश्रूषेची तरतूद, मुखत्यारपत्र कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये. एक आजोबा पहिल्या रांगेत झोपले, पण शेवटी सर्वांत जोरात टाळ्या त्यांच्याच.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही चालू ठेव.

तुझा,
धाकटा


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

जेष्ठ असा शब्द नाही. ज्येष्ठ आहे. त्या ‘य’ने तुझं काय घोडं मारलंय कळत नाही. ज्यांच्या जिवावर तुझं दुकान चालतं त्यांचं नाव तरी धड लिहावं. ज्येष्ठ म्हणजे सर्वांत थोरला, म्हणजे या घरात मी. दर खेपेला माझंच एक अक्षर खातोस.

आईचा कागद तपासून परत पाठवतो आहे. तिने लिहिलं होतं : “मी हे घर माझ्या धाकट्या मुलाला प्रेमाने देत आहे. माझ्या मुलांनी मला याच घरात शेवटपर्यंत नीट सांभाळावे ही माझी अट आहे. अट मोडली तर घर परत.” पहिलं वाक्य ठेवलं, पुढची दोन खोडली. कारण सांगतो. आई आहे, मुलगा आहे, प्रेमाने देणं आहे. सांभाळणं त्यात आलंच. आलेलं पुन्हा सांगणं याला आमच्याकडे पुनरुक्तीचा दोष म्हणतात. आणि “मोडली तर परत” हे तर भाड्याने सायकल देणाऱ्याचं वाक्य झालं. आपली आई घर देते आहे, सायकल नाही.

त्याऐवजी ‘प्रेमाने’च्या आधी एकच शब्द घातला : निरपेक्ष. निर्गता अपेक्षा यस्मात् तत् निरपेक्षम्. ज्यातून अपेक्षा निघून गेली आहे, ते. “निरपेक्ष प्रेमाने देत आहे.” वाचून बघ, ओळीला कसा तोल येतो. हा शब्द सुचला तेव्हा छापखान्यात मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुद्रितशोधकाला वाटलं, पगार वाढला.

मजकुराचं तू बघणार म्हणालास ते बरं केलंस. कायद्यातलं मला काही कळत नाही, आणि तुझं ते रोजचंच काम.

तुझी वहिनी बरी आहे. माझ्या लाल शाईवर रुसू नकोस, आणि आहेस तितका माझा राहा.

तुझा,
दादा


ता. १४ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,

अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तू मोठ्याने बोलत नाहीस, म्हणून लिहिते. पुढच्या गुरुवारी सही करायला जायचं आहे. कागद टाइप होऊन आला. माझा होता त्याच्या निम्मा झाला, सुटसुटीत दिसतो.

निरपेक्ष या शब्दापाशी अडले. धाकट्याला विचारलं. तो म्हणाला, निरपेक्ष म्हणजे खूप, मोजता येणार नाही एवढं. मी म्हटलं, मग ठीक आहे. कापड सोडून मी आयुष्यात काही मोजून दिलं नाही. पण माझं अटीचं वाक्य कुठे दिसेना. तेही विचारलं. तो म्हणाला, दादाने ते त्या शब्दातच बसवलंय, संस्कृतात असं एका शब्दात पुष्कळ मावतं, तुला कळायचं नाही. तसं असेल तर चांगलंच आहे. तसं आहे का, ते मला गुरुवारच्या आत कळव.

गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या पडद्यांचं शिवण घेतलंय. डोळे चालतात तोवर मशीन चालवायचं.

सुनेला आशीर्वाद. दोघं एकमेकांशी गोडीने राहा.

आई


ता. १७ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आणि ही पुष्कळ हसलो. निरपेक्ष म्हणजे खूप, हा अर्थ अजून कुठल्या कोशात आलेला नाही. पण तुझ्या कोशात असू दे, तिथे तो शोभतो. शब्दांची फार चिरफाड करू नये. तू फुलांचा गजरा उसवून बघतेस का?

अटीचं म्हणशील, तर ती शब्दात आहे की नाही हे बघायची वेळ तुझे मुलगे तुझ्यावर येऊ देणार नाहीत. धाकटोबा जवळ आहे, मी पत्राच्या अंतरावर आहे. तू आपली खुशाल सही कर. मात्र तुझं आडनाव लिहिताना वेलांटी पहिली देतेस, ती दुसरी दे. सरकारी कागद आहे.

गुडघ्याला सांग, थोरला मुलगा विचारत होता.

आहे त्याहून अधिक माया करावी, कमी करू नये, ही विनंती.

तुझा,
दादा


ता. २२ सप्टेंबर

चि. थोरल्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्ता बघून चकित होशील. मी शुश्रूषा निवासात आहे. जुलैत जिन्यात पाय घसरला, ते तुला कळलंच आहे. हाड शाबूत आहे, नुसती सूज होती. मग धाकटा म्हणाला, घराला रंग काढायचाय, वासाने तुझा दमा उठेल, पंधरा दिवस चांगल्या ठिकाणी राहा, तिथे परिचारिका आहे. त्याला सहा आठवडे झाले. घर एवढंसं, तीन खोल्या नि गॅलरी. एवढा रंग कशाला लागतो? कुठला रंग दिला, ते तुला माहीत असेल तर लिही. त्याला विचारलं की तो म्हणतो, तू बघशीलच.

इथे वाईट काही नाही. खोलीत आम्ही चौघी. माझा पलंग खिडकीपासून दुसरा, म्हणजे खिडकीवालीने पडदा उघडला तर मला उजेड. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, दिवा बंद व्हायचा तोही वेळेवर. मशीन मात्र आणू दिलं नाही, आवाज होतो म्हणून. ते धाकट्याने जपून ठेवलंय. मी तेलाची डबी तेवढी पिशवीत टाकून आणली.

एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. प्रत्येक पलंगाच्या पायाशी पाटी आहे. तिच्यावर नाव, वय, आणि पुढे मुक्काम, कुणाचा ‘तात्पुरता’, कुणाचा ‘कायम’. माझ्या पाटीवर ‘कायम’ लिहिलंय. परिचारिकेला म्हटलं, चूक झाली, मी रंग वाळेपर्यंतच आहे. ती म्हणाली, बघते हं आजी. अजून बघितलेलं नाही. लिहिण्यातली चूक असेल तर ती कशी दुरुस्त करायची, ते तू सांग.

सुनेला आशीर्वाद. पत्र लवकर पाठव.

आई


ता. २७ सप्टेंबर

चि. धाकटोबास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आईचं पत्र आलं. घराचा रंग दीड महिना वाळतो आहे असं त्यावरून दिसतं. इतक्या वेळात मी अख्खा शब्दकोश तपासून छापायला पाठवतो. रंगारी कुठले आणलेस? त्यांच्यातला कुणी माझ्यासारखा तर नाही ना, एक भिंत सतरा वेळा बघणारा?

तिच्या पलंगाच्या पाटीवर ‘कायम’ असा शब्द पडला आहे. ‘तात्पुरता’ हवा. निवासाच्या कचेरीत सांगून बदलून घे. आणि तिला घरी कधी नेणार, तो दिवस मला लिही, म्हणजे मीही दोन दिवस येऊन जाईन.

थोडक्यात लिहितो आहे, पण त्यामुळे मायेत तूट समजू नये.

तुझा,
दादा


ता. ४ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

आईची काळजी करू नकोस. एका पाटीवरून तू असा घाबरशील असं वाटलं नव्हतं. तिथे कायम लिहिलं की नाश्ता वेगळा सांगावा लागत नाही, इतकंच. तिला तिथे मैत्रिणी मिळाल्यात. घरात दिवसभर एकटी असायची, दुसरा मजला, लिफ्ट नाही. थोडा धीर धर, सगळं मार्गी लागतंय. समक्ष भेटलास की सांगेन, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझ्याकडे एक काम आहे, आणि तू नाही म्हणणार नाहीस. माझी पुस्तिका छापायला चाललीय, ‘उत्तरायुष्याची आखणी’. नव्या कार्यालयाच्या उद्घाटनाला वाटायची आहे. चौसष्ट पानं आहेत. मुद्रितं सोबत पाठवतोय. तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय छापायची माझी छाती होत नाही. शुक्रवारपर्यंत झालं तर फार बरं. बाकी कुणावर माझा भरवसा नाही.

वहिनींना नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
धाकटा


ता. ११ ऑक्टोबर

चि. धाकटोबास,

आशीर्वाद.

तपासलेली मुद्रितं सोबत आहेत. ज्येष्ठमधला ‘य’ एकतीस ठिकाणी बसवला. शुश्रूषामधला पहिला शु ऱ्हस्व, पुढचा श्रू दीर्घ. तू सर्वत्र उलट केलंस. त्यातही एक सातत्य आहे, हे मान्य.

आमच्या धंद्यात पहिल्या वाचनात अर्थाकडे बघायचं नसतं. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. म्हणून पहिल्या वाचनात पान सतरावर मी फक्त दोन स्वल्पविराम घातले. दुसऱ्या वाचनात तेच पान पुन्हा आलं. तू लिहिलं आहेस : “घर मुलांच्या नावे करताना सांभाळण्याची अट कागदात स्पष्ट लिहा. अट नसेल तर पुढे कुणी तुम्हाला घराबाहेर काढलं तरी घर परत मागणं फार अवघड जातं. प्रेमाने, स्वेच्छेने, निरपेक्षपणे अशा गोड शब्दांवर विसंबू नका. कायद्याच्या नजरेत त्यांचा अर्थ एकच : बदल्यात काही नको.”

परिच्छेद चांगला आहे. तू इतकं नेटकं लिहू शकतोस हे मला माहीत नव्हतं. तळाशी बारीक अक्षरात तू म्हणतोस की हा सल्ला तू दोन वर्षं प्रत्येक व्याख्यानात देतो आहेस. म्हणजे फेब्रुवारीत माझा शब्द तुझ्या हाती पडला, तेव्हा तो काय करतो हे तुला पाठ होतं. मला नव्हतं. भाषेचं तू बघ, मजकुराचं मी बघतो, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष म्हणून सोडून दिलं. आणि आईने अर्थ विचारला, तेव्हा तू तिला सांगितलंस, निरपेक्ष म्हणजे खूप.

मग शेवटचं पान आलं. नव्या कार्यालयाचा पत्ता. दुसरा मजला, गॅलरीवाली बाजू. छत्तीस वर्षं हा पत्ता मी पाकिटांवर लिहीत आलो आहे, धाकट्या. तो तपासायला मला चष्मा लागत नाही. आईला मी काय सांगू? ती विचारते, रंग कुठला दिला.

त्या पानावर मी एकही खूण केलेली नाही. ते संपूर्ण शुद्ध आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. या खेपेला ते मागत नाही. तुझ्याकडे तो आहे तेवढा पुरे.

दादा


ता. १९ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. रागावलो नाही. तू लांबून बोलतोस म्हणून तुला सगळं काळं-पांढरं दिसतं.

पान सतरा तुझ्याकडे पाठवताना माझ्या लक्षातच आलं नाही, यावर तुझा विश्वास बसणार नाही. पण माणूस जे रोज बोलतो ते त्याला ऐकू येत नाही. आता घराचं. आई जिन्यात पडली. पुन्हा पडली असती तर? तिला रात्रंदिवस माणूस लागणार, ते मी कुठून आणणार? निवासात परिचारिका आहे. तिथला खर्च कार्यालयाच्या उत्पन्नातून निघेल. माझ्या व्यवसायात यालाच आखणी म्हणतात. तिला सरळ सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं का? तिची खोली आता सल्ल्याची खोली केली आहे, उजेड छान येतो. तिचं मशीन दाराशीच ठेवलंय, पुसूनबिसून. येणारे जेष्ठ लोक त्याच्याजवळ हमखास थांबतात, आपल्या आईची आठवण काढतात. म्हणजे तिची आठवण मीच जपतो आहे.

राहिला शब्द. तो मी घातला नाही, दादा. तू घातलास. तिचं वाक्यही तू खोडलंस. मी फक्त गप्प बसलो. आणि एक विचारतो, तुझ्यासारख्या माणसाच्या नजरेतून हे निसटलं असेल असं मला वाटत नाही. आईने “माझ्या मुलाने सांभाळावे” असं लिहिलं नव्हतं. “माझ्या मुलांनी” असं लिहिलं होतं. अनुस्वार होता. तो तू खोडलास, तेव्हा मी विचारलं नाही का खोडलास. आता तूही मला विचारू नकोस.

वहिनींना नमस्कार. झालं ते पोटात घालून पूर्वीसारखा राहा.

तुझा,
धाकटा


ता. २ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. चारही वेळा ते फार चांगलं लिहिलं गेलं होतं, म्हणून फाडलं.

आई, घराचा रंग वाळला आहे. तिथे धाकट्याचं कार्यालय झालं आहे. तुझ्या पाटीवरचा ‘कायम’ ही लिहिण्यातली चूक नाही.

निरपेक्ष म्हणजे खूप नव्हे. निरपेक्ष म्हणजे ज्यात अपेक्षा नाही ते, बदल्यात काही न मागता दिलेलं. तुझी अट त्या शब्दात बसवलेली नव्हती. ती मी खोडली होती, आणि तो शब्द तिच्या जागी बसवला होता. तुझं वाक्य सायकलवाल्याचं आहे असं धाकट्याला लिहून मी वर हसलोही होतो. धाकट्याला त्या शब्दाने काय होणार हे ठाऊक होतं आणि तो बोलला नाही. मला ठाऊक नव्हतं, असं मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धं खरं आहे. कायदा ठाऊक नव्हता. पण शब्दाचा अर्थ ठाऊक होता, आणि तू गुरुवारच्या आत कळव म्हणून विचारला होतास.

आणखी एक. तुझ्या वाक्यात “मुलांनी” असं अनेकवचन होतं. ते मी वाचलं होतं. लाल रेघ ओढताना पुनरुक्ती, पुनरुक्ती असं म्हणत होतो, पण रेघ ओढून झाल्यावर हलकं वाटलं, हे आठवतं. छापखान्याची मुद्रितं टपालाने मागवता येतात आणि टपालाने परत पाठवता येतात. ती कुठल्याही गावात बसून तपासता येतात, तुझ्या गॅलरीत बसूनसुद्धा. हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. बोललो कधी नाही.

पूर्वी माझ्याकडे संस्कृतचे शब्द चालवायला शिकलेली एक मुलगी आता वकील आहे, ज्येष्ठांचेच खटले चालवते. तिच्याकडे गेलो. तिने तुझं बक्षीसपत्र वाचलं आणि म्हणाली, या कागदात हात घालायला जागाच नाही, कुणी लिहिलं हे, फार पक्कं लिहिलंय. मी म्हटलं, मी. मग तिने विचारलं, सहीच्या आधीचा काही कागद आहे का. मी कुठलाही कागद टाकत नाही, हे तुला माहीत आहे. तुझं १४ फेब्रुवारीचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. “निरपेक्ष म्हणजे खूप, असं धाकटा म्हणाला.” तिने ती ओळ बोट ठेवून वाचली. खोटा अर्थ सांगून सही घेतली, हे दाखवता आलं तर बक्षीसपत्र रद्द करा असा अर्ज करता येतो, असं ती म्हणाली. वृद्धांच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असतो, त्याच्यासमोर. होईलच असं नाही. पण अर्ज तुझ्या त्या ओळीवर उभा राहतो, माझ्या कुठल्याही ओळीवर नाही.

त्याबरोबर माझं १७ तारखेचं उत्तर लागेल. ते तुझ्याकडे आहे, असलं तर. तू विचारलंस आणि अर्थ माहीत असलेल्या मुलाने तुला सांगितला नाही, हे त्या अधिकाऱ्याला दिसायला हवं. ते पत्र मी स्वतः त्याच्यासमोर वाचणार आहे. गजऱ्याच्या ओळीसकट.

शनिवारी तुझी सही घ्यायला येतो. तुला नको असेल तर तसं कळव, तरीही येईन.

काय मागावं ते आज कळत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

दादा


ता. ७ नोव्हेंबर

चि. थोरल्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू येशील तेव्हा तोंडाने बोलवणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते आणि डाकेत टाकते.

रडले नाही. सुई बोटात शिरते तेव्हा कळत नाही, कापडाला डाग दिसला की कळतं. मला डाग पाटीवर दिसला होता. तुला विचारलं ते उगीच, तू तरी खरं सांगतोस का बघायला.

धाकट्याने फसवलं ते जागेसाठी. ते मला समजतं. गणवेशाच्या कापडात वीतभर चोरणारे पुरवठादार मी आयुष्यभर बघितले. तू फसवलंस ते शब्द सुंदर होता म्हणून. मी तुला सरळ विचारलं होतं, तू मला विनोद पाठवलास. मी ते पत्र शेजारी मास्तरीणबाईंना वाचून दाखवलं होतं, केवढा हुशार माझा थोरला. दोघांपैकी कुठलं जास्त लागलं ते मला अजून ठरवता येत नाही. ठरलं की सांगेन.

ते पत्र आहे माझ्याकडे. तेलाच्या डबीला गुंडाळून आणलं होतं. कडेला तेल लागलंय, पण गजरा वाचता येतो.

सही करीन. पण अर्जात माझं वाक्य माझ्या शब्दांत लिही. मुलांनी मला याच घरात शेवटपर्यंत नीट सांभाळावे. अट मोडली तर घर परत. सायकलवाल्याचं असेल तर असू दे, त्याची सायकल परत येते. त्यातला अनुस्वार तसाच ठेव, आणि तुझी लाल शाई त्याच्या जवळ आणू नकोस. तुझ्या वकीलबाईला सांग की शिवण उसवताना कधीकधी कापड फाटतं, हे मला माहीत आहे. फाटलं तर फाटलं. चुकीची शिवण तशीच अंगावर घेऊन मी बसणार नाही.

शनिवारी येताना मुद्रितांची पिशवी घेऊन ये. घर मिळेल तेव्हा मिळेल, तोवर इथे जवळपास खोली भाड्याने बघ, दोघांपुरती नाही, तिघांपुरती. तळमजल्यावरची. उजेड हवा. अनेकवचनातला एकजण तरी तिथे राहील. सुनेला विचारून ये, तिला न विचारता माझ्यावर उपकार करू नकोस.

पाटीचं काम मी उरकलं. काल परिचारिका तक्ता भरताना लाल पेन पलंगावर विसरली. मी ‘कायम’ खोडलं. दुसरं काही लिहिलं नाही, जागा मोकळी ठेवलीय. आज तिने बघितलं आणि पेन उचलून नेलं.

सुनेला माझे आशीर्वाद. तुलाही आहेत, पण निरपेक्ष नाहीत.

आई